वैशाखातली अँटेना

एप्रिल संपत आला की खारघरला संध्याकाळचा वारा एकदम पडतो. गॅलरीत वाळत घातलेले कपडे हलत नाहीत, खालच्या रस्त्यावरची धूळ हलत नाही, आणि मी मात्र घरभर हिंडायला लागते. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत, पुन्हा आत. भिंतीवरचं घड्याळ सरळ करते. ते आधीच सरळ असतं. परवा मुलगा म्हणाला, "आई, तुला नक्की टेन्शन कसलं आहे? जरा एका जागी थांबत जा ना." टेन्शन कसलंच नव्हतं. समोरच्या मैदानात लग्नाचा मांडव पडला होता, स्पीकरवर काहीतरी धडधडत होतं, आणि मी हातातला मोबाइल उंच धरून गॅलरीच्या या टोकाहून त्या टोकाला नेटवर्क शोधत फिरत होते. हा हात असा उंच करायची सवय मला मोबाइलने लावलेली नाही. ती त्याच्या बरीच आधीची आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. लग्न होऊन मी कराडकडून थेट कोपरखैरण्याला आले, चार मजली इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या एका खोली-स्वयंपाकघरात. घरात आम्ही तिघं. हे जवळच्या पावणे गावात रंगाच्या कारखान्यात पाळीने कामाला, सासूबाई दिवसभर घरात, आणि मी. सासूबाईंना मी आईच म्हणायचे. आजूबाजूला नुसत्या नव्या इमारती, पिवळट रंगाच्या, एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा. खाडीवरून येणारा खारट वास. बाजार लांब, ओळखी नाहीत, नोकरी मिळता मिळत नव्हती. बी.ए. झालेली, हातपाय धड असलेली बाई दिवसभर त्या दीड खोलीत काय करणार? मी अँटेना फिरवायची.

हे काम माझ्याकडे आपसूक आलं. ह्यांची पाळी दुपारची असली की संध्याकाळी घरात पुरुष नाही, आणि चित्र बिघडायचं नेमकं संध्याकाळी. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या खांबाला तारेने आवळलेला लोखंडी पाइप, त्याच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या आडव्या नळ्या, आणि तिथून भिंतीवरून आमच्या खिडकीत उतरलेली चपटी वायर. अशा पंधरा-सोळा अँटेना त्या गच्चीवर होत्या आणि सगळ्यांची तोंडं खाडीपलीकडे, मुंबईकडे. कावळे त्यांच्यावर बसून बसून नळ्या वाकवायचे. पाइप दोन्ही हातांनी धरून पिळायचा, तो कुरकुरत इंचभर फिरायचा, तळव्यांना गंजाचा तांबडा रंग लागायचा. मला ते काम आवडायचं. खरं सांगायचं तर त्या घरात माझ्या हाताने काही बदलतंय असं वाटायचं ते तेवढंच.

खाली टीव्हीसमोर आई बसायच्या आणि खिडकीतून बातमी द्यायच्या. मी वरून ओरडायची, "आलं का?" त्या खालून, "आलं, आलं... गेलं." मग मी इंचभर मागे. "आता?" "मुंग्या आहेत." मग पुन्हा इंचभर. आईंचा स्वभाव असा की दोन-तीन वेळा मुंग्या आहेत म्हटल्यावर त्यांना माझी दया यायची आणि चित्र कसंही असलं तरी त्या म्हणायच्या, "छान दिसतंय, ये खाली." मी खाली येऊन बघते तर बातम्या देणाऱ्या बाईला दोन डोकी. एक तिचं, एक त्याच्या शेजारी फिकट. मी तशीच पुन्हा जिना चढायची. आई पाठीमागून म्हणायच्या, "अगं, राहू दे की आता. किती पिळशील त्या पाइपला." पण 'बरं' दिसणारं चित्र मला सहन होत नसे. बऱ्याचं चांगलं करायला जायचं हे माझं पहिल्यापासूनचं दुखणं आहे. भाजीत मीठ बरं असलं तरी मी वर चिमूटभर टाकून बघते.

उन्हाळ्यात तर त्या चित्राला काही धरबंधच नव्हता. पावसाळ्यात निदान कळायचं की पाऊस आहे म्हणून दिसत नाही. हिवाळ्यात सगळं लख्ख. पण चैत्र सरला, वारा पडला, आकाश दुधी झालं की समुद्रापलीकडची कुठली कुठली केंद्रं आमच्या टीव्हीत घुसायची. आपली मराठी बाई बातम्या देतेय, आणि तिच्या पोटातून पांढरा झगा घातलेला कोणी माणूस अरबीत बोलत बाहेर येतोय. पडद्यावर आडवे पट्टे धावायचे. कधी आपलं चित्र आणि त्यांचा आवाज, कधी त्याच्या उलट. इमारतीतल्या कोणी सांगितलं की हवा तापून स्थिर झाली की लहरी लांब जातात. त्यातच ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी प्रक्षेपणाचं काहीतरी नवीन निघालं होतं, दुसऱ्या चॅनलला बारक्या काड्यांची वेगळी अँटेना लागते म्हणायचे, मराठी कार्यक्रम कधी या चॅनलवर लागायचे, कधी त्या. आम्ही ती दुसरी अँटेनाही घेतली होती. मला पिळायला पाइप दोन झाले.

चांगुणामावशीची ओळख त्याआधीच झाली होती. ती शेजारच्या बोनकोडे गावची, साठीच्या घरातली, काळीसावळी, काटक बाई. आमच्या जिन्याने वर येऊन चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि पालेभाजी विकायची. आम्ही देशावरची माणसं, चिंबोरी हातात कशी धरायची तेही मला ठाऊक नव्हतं. तिने पहिल्या दिवशी नांगीला दोरा बांधून दाखवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून पोटभर हसली. पुढे कळलं की भाजी हा तिचा जोडधंदा, ती मुळात धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळदीपासून सगळे विधी तीच लावते, आणि ते चालू असताना धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, म्हणते. धवला एकटीने म्हणत नाहीत. एक बाई ओळ म्हणते, दुसरी तीच ओळ झेलते, मग पहिली पुढची ओळ टाकते. चांगुणामावशीची ओळ झेलायला गोमाबाय असायची, तिच्याच आळीतली, तिच्याच वयाची. तीस वर्षं दोघी जोडीने मांडवात बसत होत्या. गोमाबायला मी दोन-तीनदाच पाहिलं. बोलायला अगदी कमी, आणि आवाज असा की पहिल्या ओळीपेक्षा झेललेली ओळ ऐकावी.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर टीव्हीवाले गाडी घेऊन गावात आले. लोकगीतांच्या कार्यक्रमात धवला दाखवायचा होता. त्यांनी देवळापुढे चार बांबू रोवून छान मांडव सजवला, दिवे लावले, दोघींना बसवलं. दोघी उठून घरी गेल्या. चांगुणामावशीने ही हकीकत मला भाजी निवडता निवडता सांगितली. "मी बोल्ले, खोटे मांडवान आमी धवला नाय बोलनार. नवरी कंची? नवरा कंचा? कोनाचे नावान बोलू?" शेवटी टीव्हीवाल्यांना तुळशीचं लग्न होईपर्यंत थांबावं लागलं, आणि गावातल्या एका खऱ्या मुलीच्या खऱ्या हळदीत त्यांनी त्या दोघींचं चित्रण केलं. जाताना सांगून गेले की उन्हाळ्यात, लगीनसराईत दाखवू, पत्र पाठवू.

माघात गोमाबाय गेली. कावीळ झाली, आठ-दहा दिवसांत आटोपलं. चांगुणामावशी महिनाभर आमच्या जिन्यावर दिसली नाही. आली तेव्हा टोपलीत भाजी कमी होती आणि तिने किंमतही धड सांगितली नाही. त्या सराईत तिने एकही लग्न घेतलं नाही. बोलावणी आली की म्हणायची, झेलाला कोन हाय? एक दिवस तिने मला विचारलं की टीव्हीत येतात ती माणसं मेल्यावरही येतात का. मी म्हटलं, येतात. मग तिने गोमाबायच्या फोटोची गोष्ट सांगितली. फोटो नव्हताच. शंभर लग्नांत बसलेली बाई, पण लग्नाच्या अल्बममध्ये धवलारणीला कोण घेतं? कॅमेरा नवरीच्या तोंडावर. गावातले सात-आठ अल्बम चांगुणामावशी बघून आली होती. एकात गोमाबायचं कोपर होतं, एकात पाठ. "मना माजा तोंड नाय बगायचा गो," ती म्हणाली. "मना गोमीला बगायचा हाय. एकदा."

म्हणजे एवढंच होतं. एका बाईचा चेहरा अर्धा तास हवेतून येणार होता, एकदाच, आणि तो झेलायला धड चालणारी एक अँटेना हवी होती. बोनकोड्यात ती नव्हती. गाव बुटकं, कौलारू घरांचं, आणि त्याच्या आणि खाडीच्या मध्ये आमच्या इमारती उभ्या राहिलेल्या. ज्या शेतांवर त्या उभ्या होत्या त्यातला एक तुकडा चांगुणामावशीच्या सासऱ्याचा. आम्ही येण्याआधी गावात चित्र बरं यायचं म्हणे. आता एका माणसाची चार माणसं दिसायची. लोकांनी उंच बांबू लावून पाहिले, पावसाने ते पाडले. केबल तेव्हा वाशीपर्यंत आली होती, आमच्याकडे यायची होती. चांगुणामावशीने यातलं काहीच तक्रार म्हणून सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "तुमचे घरान बगू का?"

मी हो म्हटलं, आणि त्या क्षणापासून माझी झोप उडाली.

पत्र वैशाखात आलं. शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा. ते वाचायला तिने माझ्याकडेच आणलं. मी तीनदा वाचून दाखवलं. मधे आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी गच्चीवर किती वेळा गेले असेन त्याला हिशेब नाही. सकाळी कपडे वाळत टाकायला गेले की पाइपला हात. दुपारी पापड उचलायला गेले की हात. नळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, वायरचं टोक खरवडून पुन्हा जोडलं, तार सोडून पुन्हा आवळली. रात्रीची पाळी करून आलेले हे अंथरुणातून म्हणायचे, "चांगली आहे ती. हात लावू नकोस." मी नाही लावत म्हणायची आणि लावायची. चित्र सकाळी स्वच्छ, संध्याकाळी अरबी. मंगळवारी थोडा वारा सुटला, चित्र लख्ख झालं, तर मला वाटलं आजच शुक्रवार का नाही. बुधवारी वारा पडला तो पडलाच.

आजही हे लिहिताना मी दोनदा उठून आले. गॅस बंद आहे का बघायला म्हणून गेले, बंद होता. मागे मुलाला म्हटलं होतं, तुझ्या त्या नेटवर सगळं जुनं मिळतं ना, मग तो कार्यक्रम शोध. त्याने विचारलं, नाव काय कार्यक्रमाचं? मला नाव आठवेना. साल विचारलं, मी दोन सालं सांगितली. त्याने बिचाऱ्याने अर्धा तास खटपट केली, कुठल्या कुठल्या बायकांचे धवले काढून दाखवले. सगळ्या रंगीत, एकसारख्या साड्या नेसलेल्या, छान माइक लावलेल्या. मी म्हटलं, राहू दे.

शुक्रवारी चांगुणामावशी सहाच्या आधीच आली. नवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, सोबत गावातल्या तीन बायका. सगळ्या चपला बाहेर काढून, पदर सावरून जमिनीवर ओळीने बसल्या. आईंनी पंखा त्यांच्याकडे वळवला, सरबत केलं, कोणी प्यायलं नाही. ह्यांची दुपारची पाळी होती. टीव्हीवर कसलीतरी मुलाखत चालू होती आणि चित्र बरं होतं. मुंग्या होत्या, मधून एखादा आडवा पट्टा वरून खाली सरकत होता, पण माणूस माणसासारखा दिसत होता. मी एकदा वर जाऊन आले होते. आई मला म्हणाल्या, "आता जाऊ नकोस." मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. पाय काही थांबेनात.

साडेसहाला संगीत वाजलं, निवेदिका आली, आणि मग तो मांडव. बायकांची एक हूं झाली. काळ्यापांढऱ्या पडद्यावर हळदीची नवरी, तिच्यामागे माणसांच्या टांगा, कोणाचा तरी हात. मग कॅमेरा खाली आला आणि दोघी दिसल्या. चांगुणामावशी ओळखू आली. तिच्या डावीकडे गोमाबाय असणार, पण तिच्यावर नेमका तो पट्टा येऊन बसला होता आणि चेहऱ्याच्या जागी पांढरं वळवळत होतं. पट्टा सरकला. चेहरा आला, मुंग्यांनी भरलेला. पहिली ओळ ऐकू आली, मग झेल. त्यातच पलीकडून कोणी परका माणूस बोलायला लागला. खोलीत कोणी हलत नव्हतं. चांगुणामावशी पुढे वाकली आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर गेली.

मला ते बघवेना. एवढ्या वर्षांची जोडीदारीण, आणि ती अशी मुंग्यांतून दिसावी? इंचभराचा तर प्रश्न होता. इंचभर उजवीकडे केलं की पट्टा जाईल, हे आठ दिवस पाइप पिळून माझ्या हातांना पाठ झालं होतं. मी कोणाला काही न बोलता जिना चढले.

गच्ची तापलेली होती. कावळे उडाले. मी पाइप धरला आणि उजवीकडे इंचभर पिळला. तो त्या दिवशी घामाच्या हातांत इंचभरावर थांबला नाही, तीन-चार इंच गेला. खालून बायकांचा आवाज आला, सगळ्या एकदम काहीतरी म्हणाल्या. मी घाईने मागे पिळला. "आलं का?" उत्तर नाही. आणखी मागे. "आई, आलं का?" नुसती खरखर ऐकू येत होती, मोठी. मी डावीकडे नेला, मग उजवीकडे, मग मूळची जागा कुठली तेच मला समजेनासं झालं. मी पाइपवर कधी खूण केलेली नव्हती. गंजावर हातांचे ओले ठसे होते, तेवढेच. मला रडू यायला लागलं आणि मी पाइप पिळत राहिले.

मग खरखर थांबली आणि चांगुणामावशीचा आवाज आला. खणखणीत, अगदी स्वच्छ. मी होते तिथेच थबकले. आलं. श्वाससुद्धा बेताने घेत मी पाइप घट्ट धरून ठेवला. एक ओळ संपली. मग काहीच नाही. ओळभर शांतता, आणि पुन्हा चांगुणामावशीची पुढची ओळ. पुन्हा शांतता. माझ्या लक्षात आलं की आवाज अर्धाच येतोय. पहिला येतोय, झेल गळतोय. म्हणजे गोमाबाय अजून आलेली नाही, थोडं राहिलंय. मी पाइप बोटभर फिरवला. एक ओळ, शांतता. आणखी बोटभर. एक ओळ, शांतता. खाडीकडे फिरवला, डोंगराकडे फिरवला, बोनकोड्याच्या कौलांकडे फिरवला. चांगुणामावशी कुठेही तितकीच स्वच्छ ऐकू येत होती, आणि दुसरा आवाज कुठेच नव्हता. धवला संपेपर्यंत मी तो शोधत होते.

खाली आले तेव्हा टीव्हीचा पडदा काळा होता. चांगुणामावशी पदराने तोंड पुसत होती. बाकीच्या बायका खाली मान घालून बसलेल्या. आई माझ्याकडे आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी मघाशीच बंद केला गं. नुसती खरखर होती. त्या म्हणाल्या, बंद करा. ज्या मुलीची ती हळद, ती तिकडे सासरी नांदतेय, तिचा धवला असा मध्येच सोडायचा नसतो म्हणे. म्हणून त्यांनीच पुरा केला. मला मधेच ओरडून तुला सांगवेना." म्हणजे ती शांतता गोमाबायची होती. प्रत्येक ओळीनंतर तिला लागायचा तेवढा वेळ चांगुणामावशी थांबली होती, आणि खोलीतली कोणतीही बाई मध्ये बोलली नव्हती.

मी तिच्यासमोर जाऊन बसले. हात तांबडे झाले होते, ते मांडीखाली लपवले. काय विचारायचं ते मला माहीत होतं आणि विचारायची छाती होत नव्हती. "मावशी, मी वर गेले त्याआधी गोमाबाय... काहीच दिसलं नाही का?"

"दिसत व्हती ना गो," ती म्हणाली. "मुंग्यांमदी व्हती, पन दिसत व्हती. नाक दिसला. नथ दिसली. माज्याकरं बगाला मान वलवतच व्हती. तू वर गेलीस, न ती गेली."

तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी तिथेच रडून मोकळी झाले असते. मी विचारलं म्हणून तिने जे झालं ते सांगितलं, एवढंच.